मी चक्कीपाशी उभी होते

पप्पा, आधीच सांगते, माझ्या लिहिण्यात खूप चुका असतील, राग मानू नका. आठवीत शाळा सोडली, त्याच्यानंतर मराठी लिहायचं कामच पडलं नाही. मोबाईलवर एकेक अक्षर शोधून दाबते, एक ओळ लिहायला इतका वेळ लागतो की तेवढ्यात एका साडीला पूर्ण स्टोन चिकटवून होतील. मम्मी साड्यांचा गठ्ठा परत द्यायला उधन्याला गेलीये, ती यायच्या आत लिहायचंय. तोंडाने मला असलं काही बोलता येत नाही. तुम्हाला माहीतच आहे, पाहुणे आले की मी पलंगाच्या मागे जाऊन बसायची. अजून तसंच आहे, फक्त आता पलंगामागे मावत नाही.

परवा आखाजी झाली, पितरांचा दिवस. मम्मी दरवर्षी तुमची घागर भरते, वर खरबूज ठेवते, सांजोरी ठेवते, आणि तुमच्या जागी जेवायला काका येतात, कारखान्यात तुमच्या शेजारच्या लूमवरचे. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली, तेव्हापासून तेच तुमचे पितर. ते पाटावर बसून जेवत नाहीत तोपर्यंत घरात कोणी घास घेत नाही. यावेळी बारा वाजले, एक वाजला, काका नाहीत. फोन बंद. भाऊ कारखान्यात, त्याचा शेठ आखाजीची सुट्टी देत नाही. आगारीसाठी, तुमच्या नावाचा घास निखाऱ्यावर टाकायला, गोवरी पेटवलेली, ती अर्धी राख होऊन गेली, मम्मीने दुसरी लावली. आमरसावर झाकण, झाकणावर माश्या. मम्मी दाराकडे बघते, माझ्याकडे बघते, परत दाराकडे. मग बोलली, "मावशीकडे बघून ये. तिथंच असतील. तू तर एकदा जाऊन आलेली आहेस." मी चप्पल घातली. नाही बोलायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

मावशीकडे म्हणजे कुठे, हे आपल्या नवागाममध्ये कोणाला विचारावं लागत नाही. बोर्ड नाही, काही नाही. बाहेरून पापड आणि खारी सिंग, म्हणजे शेंगदाण्यांचं दुकान, आत दारू प्यायची लांब खोली, दोन बाकडे. तिच्या सासूच्या वेळेपासून चालू आहे. इथे दारूबंदी, पोलीस येतात, चार दिवस बंद, पाचव्या दिवशी परत पापड टांगलेले. आणि तिथला तो नियम. कोणाचं लेकरू बोलवायला उंबऱ्याच्या आत आलं की मावशी त्याच्या बापाचा ग्लास उलटा करून ठेवते. अर्धा भरलेला असला तरी. सांडलं तर सांडलं, आणि त्या दिवशी त्या माणसाला परत थेंब नाही. म्हणून तर आपल्या गल्लीतल्या बाया स्वतः जात नव्हत्या, लेकरांना पाठवायच्या. भाऊने तुम्हाला किती वेळा आणलं. तुम्ही त्याच्या खांद्यावर हात ठेवून यायचे आणि बोलायचे, "साहेब पकडून घेऊन आले."

त्या दिवशी भाऊ क्रिकेट खेळायला गेला होता म्हणून मम्मीने मला पाठवलं. मी आठ वर्षांची. कारखान्याला सुट्टी होती, दुपार होती, ऊन एवढं की गल्लीत कुत्रंसुद्धा नाही. मी मावशीच्या दारासमोर पिठाच्या चक्कीपाशी जाऊन उभी राहते. दाराला गोणपाटाचा पडदा आहे. आतून माणसांचा हसण्याचा आवाज येतोय. मला आत जायचंय. उंबरा ओलांडायचा, एवढंच काम आहे, बोलावं पण लागणार नाही. पण आत सगळे माझ्याकडे बघतील. मी चक्कीच्या भिंतीला टेकून उभी, माझ्या हातांना पीठ लागलंय. मग आतून तुमचा खोकला ऐकू येतो. दोन वेळा, मग एक मोठा. तो दुसऱ्या कोणाचा असूच शकत नाही. तरी मी आत गेले नाही, पप्पा. घरी आले आणि मम्मीला बोलले, तिथं नाहीत. "आत जाऊन बघितलं ना?" मी हो बोलले.

संध्याकाळी पाचच्या पुढे रेल्वेच्या पटरीकडून माणसं धावत आली. तुम्ही पटरी ओलांडून घरीच येत होते, तेवढ्यात गाडी आली, सगळे तसंच सांगतात. तीन वाजता मी आणलं असतं तर माझ्यासोबत आले असते. माझ्यासोबत तुम्ही कधीच पटरीवरून यायचे नाहीत, लांबून नाल्याच्या रस्त्याने यायचे, माझा हात धरून.

मम्मी आजपण कोणी विषय काढला की एकच बोलते. "मावशीकडे असते तर पोरीने आणलं असतं." ती हे माझ्या बाजूने बोलते. मला शाबासकी दिल्यासारखं. नऊ वर्षं मी ही शाबासकी ऐकतेय, आणि दरवेळी मला उठून काहीतरी काम काढावं लागतं.

तर परवा मी परत त्याच चक्कीपाशी उभी. तसंच ऊन. चक्की चालू होती, भिंत थरथरत होती. बाईकवर बसलेला एक जण बोलला, "कोने शोधे छे, बेन?" मी मान हलवली, तो दुसऱ्याकडे बघून हसला. मला वाटलं घरी जावं आणि बोलावं, नाहीत तिथं. शब्द तयारच होते. तोंडात आले होते अगदी. तेच शब्द आहेत हे कळलं तेव्हा मी रस्ता ओलांडला. गोणपाट आता नाहीये, दार उघडंच असतं. मी उंबऱ्यावर पाय ठेवला, मग दुसरा पाय आत.

सात-आठ माणसं असतील. अंधारातून सगळे माझ्याकडे बघत होते, प्रत्येकाचा हात आपापल्या ग्लासवर.

"कोनी पोर शे रे ही?" एक म्हातारा बोलला.

"मनी नही. मनी पोर तर नवसारीले सासरी शे," दुसरा बोलला.

"मंग तू पी निवांत. तुले जावई येईल बोलवाले."

हसले सगळे. मला जमिनीतून पाणी यावं आणि मी वाहून जावं असं झालं. मावशी कोपऱ्यात चणे निवडत होती, तिने मान वर केली. केस पूर्ण पांढरे झालेत तिचे. काका भिंतीकडे तोंड करून बसले होते. मी बोलले, "काका." आवाज निघालाच नाही, परत बोलले. ते वळले आणि त्यांनी लगेच ग्लास पाठीमागे लपवला, शाळेतल्या पोरासारखा.

"मी नाही येऊ शकत बेटा," काका बोलले. "सकाळपासून दोनदा तुमच्या गल्लीपर्यंत आलो. काल माझ्याकडून घेतली गेली, आज पण घेतली गेली. पिऊन पितर म्हणून कसा बसू तुझ्या मम्मीसमोर? दुसऱ्या कोणाला बसवा."

मावशी उठली. काकांच्या पाठीमागून ग्लास घेतला आणि बाकड्यावर उलटा ठेवला. दारू बाकड्यावरून खाली टपटप गळत होती. "पोर आत आली," ती बोलली. "आता ऊठ."

"ती माझी पोर नाही ना मावशी."

"आज तू कोण म्हणून जेवणार आहेस? मग तुझीच."

मग ती माझ्याजवळ आली, माझी हनुवटी धरून वर केली. तिच्या हाताला चण्याचा वास. मला माहीत नाही माझ्या तोंडातून कसं निघालं. मी बोलले, "मावशी, मी त्या दिवशी पण आले होते."

"माहीत आहे," मावशी बोलली. "चक्कीपाशी होतीस. पिवळा फ्रॉक."

पप्पा, मला वाटत होतं जगात हे फक्त मला माहीत आहे.

"गोणपाटाला भोक होतं," ती बोलली. "तुझ्या बापाला दिसलीस तू. मीच बोलले, पोर ऊनी तुनी, बाहेर उभी शे, ठेव ग्लास. तर तो बोलला, ती आत मझार ऊनी का? नही ना? मंग भर." मावशी हे तुमच्याच आवाजात बोलली, थोडं हसून. मग तिचं हसणं गेलं. "आणि मी भरला. आत आली नव्हतीस, नियमात बसत होतं. तेराव्यानंतर मी ते गोणपाट जाळलं. आता रस्त्यावर जरी कोणाचं लेकरू उभं दिसलं तरी मी उलटा करते. भांडतात मेले, मी ऐकत नाही."

मला रडू येईल असं वाटलं होतं, नाही आलं. मला एवढंच दिसत होतं, तुम्ही गोणपाटाला डोळा लावून बसलेले, आणि मी बाहेर पीठ लागलेले हात फ्रॉकला पुसतेय. किती वेळ बघितलं तुम्ही मला? मी निघाले तेव्हा बरं वाटलं का?

काका अजून बसलेलेच होते. दीड वाजून गेला होता, घरी निखारा विझत असणार. मी बोलले, "चला काका. पप्पा आले असते तर ते पण असेच आले असते." हे मी बोलले, सात-आठ माणसांसमोर. म्हातारा बोलला, "खरं बोलनी पोर." काका उठले, नळाखाली डोकं धरलं, तीन वेळा चूळ भरली, शर्टाची बटणं नीट लावली. मी त्यांना पटरीवरून नाही आणलं. नाल्याच्या रस्त्याने आणलं.

मम्मीला दारातच वास आला. मी तिच्याकडे बघत होते, आता काय बोलते. तिने काकांना पाणी दिलं, पाट सरकवला, निखाऱ्यावर तूप सोडलं, पुरणपोळीचा घास टाकला, धूर झाला. काका खाली मान घालून जेवत होते. मम्मीने न विचारता दुसऱ्यांदा रस वाढला, तुम्ही तसे पिऊन येऊन बसलात की न बोलता वाढायची तशीच. मग पदराने तोंड पुसून काकांना बोलली, "त्या दिवशी मावशीकडे असते ना भाऊ, तर माझ्या पोरीने आणलं असतं. बघा, तुम्हाला आणलं की नाही?"

काकांचा हात ताटातच थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडलं होतं पप्पा, खरंच उघडलं होतं. आणि विचारलं, "काका, कुरडई देऊ?"

मला तुमचा राग आलाय. नऊ वर्षांत पहिल्यांदा आला, आणि राग आल्यावर रात्री झोप चांगली लागली, हे पण सांगून टाकते. तुम्ही मोठे होते. बाहेर यायला तुम्हाला पाच पावलं होती, मला पण पाचच होती. मम्मीला तुमचं सांगितलं तर माझं पण सांगावं लागेल, म्हणून आधी तुम्हाला लिहून बघितलं, शब्द जमतात का. हे पाठवायला नंबर नाहीये, वरची जागा मी रिकामीच ठेवलीये. मम्मी आली की आज सांगायचं असं ठरवलंय. कालपण ठरवलं होतं.

जिन्यात मम्मीचा आवाज येतोय. खालच्या काकूंची गेल्या महिन्यात हरवलेली बकरी सापडली म्हणते, भाजी मार्केटमध्ये होती, चांगली जाडी होऊन आलीये.