शंभर लिटरला एक कप

मी, पोलिक्सेनी कारामित्सू, कै. लाम्ब्रोस यांची पत्नी, वय एकोणऐंशी, राहणार फिल्यात्रा, असे सांगते की गुडघे सोडले तर माझे सगळे जागेवर आहे. कोणी दटावले नाही, कोणी गोड बोलून वळवले नाही. नोटरी कलिओपी दूका माझ्या स्वयंपाकघरात बसून मी बोलते तसे लिहून घेत आहेत. कायद्याप्रमाणे तीन साक्षीदार समोर आहेत: पोस्टातून निवृत्त झालेली थिओनी मार्कू, बस चालवणारे आगिसिलाओस बेकास आणि शेजारच्या तेलगिरणीचा मालक एफ्थिमिस रालिस. एफ्थिमिस या घरात बारा वर्षांनी आला आहे. साक्षीदाराला शेवटपर्यंत बसून सगळे ऐकावे लागते, हे मी नोटरीबाईंना आधीच विचारून घेतले होते.

पहिले. घर आणि मागची सत्तेचाळीस ऑलिव्हची झाडे माझी मुलगी दानाई हिला. ती पात्रा शहरात असते. येते तेव्हा कौतुकाने सगळीकडे फिरते आणि मग म्हणते, "आई, ते डबकं बुजवून तिथे पाहुण्यांसाठी दोन खोल्या काढू." खोल्या काढाव्यात, पण अंगणात. काचघर आणि त्यातली टाकी तिला देत नाही. तिने वाईट वाटून घेऊ नये. ती गुणाची आहे, पण तिच्या हातून पुदिनासुद्धा वाळतो.

दुसरे. शिवणयंत्र थिओनीला द्यायचे होते. नोटरीबाई म्हणतात, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. थिओनी म्हणाली, "राहू दे गं. दोरा तोडतं मेलं." तेव्हा ते चर्चच्या बायकांना. दोरा का तुटतो ते त्यांनी शोधावे.

तिसरे. बँकेत आहे त्यातून माझे अंत्यविधी व्हावेत. मरणानंतर चाळिसाव्या दिवशी वाटतात त्या उकडलेल्या गव्हात बेदाणे आणि डाळिंब हात सैल सोडून घालावे. नणंदेच्या वेळी चमच्याला एक बेदाणा आला होता आणि तो माझ्या चमच्यात नव्हता.

चौथे. हे सांगायला वेळ लागेल. आगिसिलाओस, कॉफी घ्या.

सहकारी संघाच्या प्रयोगशाळेत मी एकतीस वर्षे तेलाची आम्लता मोजली. निवृत्त झाल्यावर टोमॅटोच्या रिकाम्या काचघरात तीन हजार लिटरची टाकी बसवली आणि तीत स्पिरुलिना वाढवू लागले. पाण्यात वाढणारे हे शेवाळ डोळ्यांना दिसेल न दिसेल इतके बारीक असते. फडक्यातून गाळायचे, वाळवायचे, भुकटी करायची. औषधांच्या दुकानात ती विकली जाते. मी तिला 'हिरवी' म्हणते.

गिरणीत ऑलिव्ह पिळल्यावर जे काळे पाणी उरते, ते कुणालाच नको असते. ओढ्यात सोडले की मासे मरतात, झाडाला घातले की झाड रुसते. मी एका बाटलीत ते थेंब थेंब घालून पाहिले. त्यातले जे पुष्कळ दिल्याने मारते, तेच अगदी थोडे दिले की हिरवीला भूक लागते. आठ दिवसांत वाढायची ती पाच दिवसांत वाढू लागली. माप ठरले: शंभर लिटरला कॉफीचा एक कप, आठवड्यातून एकदा.

गिरणीमागे हे पाणी साठवतात, त्या एफ्थिमिसच्या तळ्यातून मी ते आणत होते. न विचारता. दर शुक्रवारी दुपारी, गिरणी जेवायला बंद असताना. मागायला गेले असते तर त्याने दिले असते, पण आदल्याच महिन्यात त्या तळ्याच्या वासावरून मी त्याच्याशी भांडले होते.

२०१२च्या नोव्हेंबरात मी नेहमीच्या मापाने पाणी घातले आणि तीन दिवसांत हिरवी मेली. टाकी तपकिरी झाली, गिरणीसारखी घाण येऊ लागली. मी तडक पानागोसच्या कॉफीच्या दुकानात गेले आणि भरल्या दुकानात म्हणाले, "एफ्थिमिसनं माझ्या टाकीत काळं पाणी ओतलं." त्या हंगामात नऊ घरांनी आपली ऑलिव्ह पिळायला दुसऱ्या गावी नेली.

पुढच्या आठवड्यात मी पाणी आणायच्या कॅनचा तळ पाहिला. पाणी काकवीसारखे झाले होते. एफ्थिमिसने नवीन मशीन बसवले होते, त्याला पाणी कमी लागते, त्यामुळे उरते ते चौपट घट्ट. विष मीच घातले होते, माझ्याच कपाने. बाटलीत जपून ठेवलेल्या बियाण्यापासून हिरवी पुन्हा उभी केली. शब्द मात्र परत घेतला नाही. घेतला असता तर पाणी कुठून आणते तेही सांगावे लागले असते.

नोटरीबाई म्हणतात, हे मृत्युपत्रात लिहायची गरज नाही. मी म्हणते, लिहा. एफ्थिमिस, मी खोटे बोलले. टाकी, काचघर, फडकी आणि तो कप मी तुला देते.

इथे नोटरीबाईंनी पेन खाली ठेवले. "पोलिक्सेनीबाई, ते साक्षीदार आहेत. साक्षीदार किंवा वारस, एकच काहीतरी."

एफ्थिमिस एवढा वेळ टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होता. तो म्हणाला, "निळा कॅन. आधी दहा लिटरचा, मग पाचचा."

"तुला माहीत होतं?"

"कुंपणाचं दार दर शुक्रवारी कोण उघडं ठेवत होतं मग? संत निकोलस?"

"आणि बोलला नाहीस."

"मशीन बसवलं त्याच आठवड्यात बोलायलाच आलो होतो. नवीन मशीनचं पाणी कडक आहे, हात आखडता घे, हे सांगायला. तू दार आपटलंस. नाक थोडक्यात वाचलं."

मला ते दार आठवते. तो कशाला आला होता, हे मी बारा वर्षांत एकदाही स्वतःला विचारले नव्हते.

"तुला नको असेल तर दानाई बुजवेल," मी म्हणाले. "दुसऱ्या कुणाला देऊन उपयोग नाही. काळं पाणी तुझ्याकडेच आहे."

तो खिडकीतून काचघराकडे पाहत होता. "ढवळावी लागते?"

"दिवसातून तीनदा."

"रविवारी?"

"तिला रविवार कळत नाही."

"बायकोसारखंच मग," असे म्हणून तो उठला, टोपी घेतली आणि टेबलाच्या या बाजूला लाम्ब्रोसच्या खुर्चीवर येऊन बसला. नोटरीबाईंना म्हणाला, "साक्षीदार दुसरा बघा."

थिओनीने पानागोसला दुकानातून बोलावून आणले. नव्या साक्षीदाराने सगळे ऐकायला हवे, म्हणून नोटरीबाईंनी पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली आणि मीही सगळे पुन्हा सांगितले. चौथ्या कलमाला पानागोसने मान वर केली. "हे मी ऐकलं नाही असं समजायचं ना?"

"तुझ्याच दुकानात बोलले होते. तिथेच सांग. माझ्या मरणाची वाट बघू नकोस, आज संध्याकाळीच सांग."

पाचवे आणि शेवटचे. याआधी केलेले कोणतेही मृत्युपत्र आता धरू नये. आज शुक्रवार आहे, सह्या लवकर उरकाव्यात. आजचा कॅन एफ्थिमिस स्वतः भरून आणणार आहे. पुढच्या दाराने ये, असे मी त्याला सांगितले आहे.

वाचून दाखवले, बरोबर आहे, म्हणून सही करते.

पोलिक्सेनी कारामित्सू

साक्षीदार: थिओनी मार्कू
आगिसिलाओस बेकास
पानागोस लियापिस (एफ्थिमिस रालिस यांच्या जागी, ते वारस झाल्यामुळे)

नोटरी: कलिओपी दूका

फिल्यात्रा, शुक्रवार, २२ नोव्हेंबर २०२४