भिंत जागेवरच होती

मी, खाली सही करणारी, निवृत्त भूगोल शिक्षिका, अविवाहित, नदीकाठच्या शेवटच्या घराची एकटी मालकीण, स्वखुशीने आणि पाठीमागे कुणीही उभं नसताना हे लिहून ठेवत आहे. माझं डोकं ठिकाणावर असल्याची डॉक्टरांनी आज खात्री केली. त्यांनी मला वार विचारला. मी तो सांगितला, आणि त्यांचं घड्याळ मागे पडल्याचंही सांगितलं. यापूर्वी मी केलेली सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती प्रत्येक वेळी धाकट्या भावाचा राग आल्यावर केलेली होती, त्यामुळे बरीच आहेत.

कलम १. बँकेत जी शिल्लक निघेल तिच्यातून आधी स्वयंपाकघरावरच्या छपराची गळती थांबवावी आणि मग माझी व्यवस्था लावावी. मी थांबू शकते, छप्पर थांबणार नाही. नकाशे आणि पृथ्वीचा गोल शाळेला द्यावा. गोल फिरवताना एका जागी अडकतो. पृथ्वी तशी अडकत नाही, हे मुलांना आवर्जून सांगावं.

कलम २. शेजारच्या शिंप्याला मी काहीही ठेवत नाही. तो या मृत्युपत्राचा साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही असा कायदा असल्याचं वकीलसाहेब सांगतात. शिंप्याला याचं अजिबात वाईट वाटत नाही. तसं त्याने दोनदा सांगितलं.

कलम ३. आता मुख्य विषय. वकीलसाहेबांचं म्हणणं पडलं की हा मजकूर मृत्युपत्रात बसत नाही. मी म्हटलं, घर माझं, मरण माझं, बसवा.

या गावाच्या धक्क्यावरून पैलतीराला बोट जाते. आमचे वडील तिचे कप्तान होते आणि त्यांच्यानंतर धाकटा झाला. नदीच्या मधोमध वाळूचा पट्टा आहे, तो पाण्याखाली असल्यामुळे दिसत नाही. तो चुकवायची वडिलांची युक्ती अशी, की परत येताना बोटीचं नाक काठावरच्या पिवळ्या भिंतीवर धरायचं आणि सरळ यायचं. ती भिंत म्हणजे आमच्या घराची भिंत. ही खूण वडिलांनी धाकट्याला मांडीवर बसवून शिकवली. मी त्याच ओट्यावर बसून शाळेचा अभ्यास करत होते, पण मुलीला सांगून काय करायचंय, म्हणून मला सांगितली नाही. धाकट्याला माझ्या वर्गात असताना पूर्व-पश्चिम कधी धड सांगता आली नाही, तरी बोट त्याला मिळाली. असो.

वडील गेल्यावर काही वर्षांनी मी घराचं रंगकाम काढलं. रंगारी नेहमीचा पिवळा घेऊन आला. मला त्या पिवळ्याचा लहानपणापासून कंटाळा होता, म्हणून मी आयत्या वेळी आकाशी सांगितला. उरलेल्या पिवळ्याचं करायचं काय, म्हणून रंगाऱ्याने तो पडत्या भावात शिंप्याला विकला आणि शिंप्याने त्याचं दुकान पिवळं करून घेतलं. दुकान माझ्या घराच्या खालच्या अंगाला, काठावरच आहे. पुढचं सांगायला नकोच. धाकट्याने बोटीचं नाक पिवळ्यावर धरलं आणि बोट थेट वाळूत नेऊन बसवली. जीवितहानी काही नाही. लोक गुडघाभर पाण्यातून चपला हातात धरून चालत आले. पैलतीरावरून दंतवैद्य आपली नवीकोरी खुर्ची घेऊन येत होता, ती मात्र नदीत पडली.

मग चौकशी समिती आली. धाकट्याने भिंतीकडे बोट दाखवलं. इंजिनवाल्याने धाकट्याकडे दाखवलं. बोटीच्या मालकाने नदीकडे दाखवलं. शिंप्याने रंगाऱ्याकडे दाखवलं, आणि रंगारी तोवर गाव सोडून गेला होता, तो एकटाच शहाणा. समितीचे अध्यक्ष माझ्या ओट्यावर बसून माझाच चहा पिऊन मला विचारतात, “रंग बदलण्यापूर्वी आपण कुणाला कळवलं होतं का?”

मी म्हटलं, “माझी भिंत बोट चालवायला घेतली आहे, हे मला कुणी कळवलं होतं का?”

अहवालात आलं, की अपघाताचं मुख्य कारण तीरावरील घरमालकिणीने पूर्वसूचना न देता केलेला रंगबदल. मी आयुष्यात त्या बोटीचं सुकाणू हातात धरलेलं नाही. तेव्हापासून गाव मला रंगवाली म्हणतं. भाजीवालीसुद्धा म्हणते, आणि ती तर तेव्हा जन्मलीही नव्हती. धाकट्याचं कप्तानपद गेलं, त्याला तिकीटखिडकीत बसवलं. त्याने माझ्याशी बोलणं टाकलं, मग मीही टाकलं. आजवर आम्ही एकमेकांना जे काही सांगितलं ते त्याच्या मुलीमार्फत.

माझं म्हणणं एवढंच आहे: त्या दिवशी भिंत जागेवरच होती. बोट नव्हती.

कलम ४. दंतवैद्याची ती खुर्ची माझ्या ओट्यावर आहे. मी संध्याकाळी तिच्यात बसते. ती मागे कलते, पाय वर घेते, आणि तिच्यातून अख्खी नदी दिसते. मी ती भंगारातून आणली असं गावाला वाटतं. तसं नाही. दंतवैद्य धाकट्यावर दावा लावायला निघाला होता. समिती यायच्या आधीच मी त्याच्याकडून नदीतून काढलेली खुर्ची नव्याच्या भावाने विकत घेतली. तेव्हा त्याने मला सांगितलं, की बोट रुतली त्या घटकेला कप्तानसाहेब त्याला आपली दुखरी दाढ दाखवत होते. सुकाणूवर एक हात, तोंड आ केलेलं, मान मागे. मधेच डोळ्यांच्या कोपऱ्यातून काहीतरी पिवळं दिसलं आणि तिकडे वळवली बोट. मी खुर्ची घेताना अट घातली, की दाव्याचं आणि दाढेचं नाव पुन्हा काढायचं नाही. दंतवैद्याने मरेपर्यंत शब्द पाळला. मीही समितीसमोर बोलले नाही. भाऊ आहे माझा. पण तो आपणहून सांगेल असं मला वाटलं होतं. त्याची मी फार वाट पाहिली, आणि त्याचं मला फार वाईट वाटलं.

खुर्ची कुणाला द्यायची ते माझं ठरलेलं नाही. ती या मृत्युपत्रात धरू नये.

कलम ५. माझी भाची, म्हणजे धाकट्याची मुलगी, आता त्या बोटीची कप्तान आहे. तिच्यापुढे भिंत नसते, यंत्राचा पडदा असतो, आणि त्यावर नदी निळी आणि बोट बाणासारखी दिसते. गेल्या वर्षी तिने पडद्याकडे बघत बघत बोट त्याच पट्ट्यात रुतवली. घराण्यात आहे, त्याला काय करणार. धाकटा तिकीटखिडकीतून धावत आला आणि सगळ्या धक्क्याला ऐकू जाईल असं सांगू लागला, की यंत्र चुकलं, त्यात पोरगी काय करणार. पोरगी म्हणाली, “नाही बाबा. मी पुढे बघत नव्हते.”

एवढंच म्हणाली आणि माणसांना उतरवायला लागली. मी ओट्यावरून ऐकलं. त्या दिवशी मी पुन्हा एकदा मृत्युपत्र बदलायला घेतलं, आणि या वेळी रागाने नाही.

कलम ६. घराबद्दल. धाकटा तिकीटखिडकीमागच्या भाड्याच्या खोलीत राहतो. तिथून नदी दिसत नाही, आणि हे घर त्याला हवं आहे, हे तो कधी बोलला नसला तरी गावात सर्वांना ठाऊक आहे. म्हणून मी अशी व्यवस्था करत आहे. साक्षीदार दोन लागतात. एक शिंपी. दुसरी जागा मी धाकट्यासाठी मोकळी ठेवली आहे. त्याने हे सर्व वाचावं, आणि कलम ३ आणि ४ खरी आहेत असं पटलं तरच सही करावी. सही केली तर तो साक्षीदार झाला. मग वर सांगितलेल्या कायद्याने त्याला एक वीटही मिळणार नाही, आणि घर भाचीला जाईल. सही केली नाही तर घर त्याचं, माझी कुरकुर नाही. रंगवाली म्हणून गेले तरी चालेल, आता सवय झाली आहे. त्याने नकार दिल्यास डॉक्टर सही करतील. ते त्यासाठी ओट्यावर थांबले आहेत आणि आपलं घड्याळ लावत आहेत.

वकीलसाहेब म्हणाले, सही झाली तर भावाचं नुकसान, नाही झाली तर आपलं. त्यांचं वय कमी आहे.

कलम ७. घर ज्याच्याकडे जाईल त्याने भिंतीला हवा तो रंग द्यावा. आधी धक्क्यावरच्या फळ्यावर ठळक अक्षरात लिहून मगच द्यावा.

हे सर्व मी सांगितलं, वकीलसाहेबांनी उतरवून घेतलं, मी वाचलं आणि दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं. ते वकीलसाहेबांचं होतं.

लिहून देणार: (सही) निवृत्त शिक्षिका, नदीकाठचं शेवटचं घर
स्थळ: माझा ओटा
दिनांक: आजचा, सकाळची बोट लागल्यानंतर

साक्षीदार १: (सही) शिंपी. शेरा: पिवळा रंग स्वस्त मिळाला म्हणून घेतला. दुसरा काही हेतू नव्हता.

साक्षीदार २: (सही) तिकीटखिडकी, माजी कप्तान, लिहून देणारीचा धाकटा भाऊ. शेरा: सर्व वाचले. खुर्चीचे मला माहीत नव्हते. दाढ खरी आहे. भिंत जागेवरच होती. ताई, मी पुढे बघत नव्हतो.

ताजा कलम, माझ्या हस्ताक्षरात: डॉक्टरांना घरी पाठवलं. खुर्चीचं ठरलं. ती मी आत्ताच, जिवंतपणी, साक्षीदार क्रमांक दोन याला दिली, त्यामुळे कायद्याला काही म्हणता येणार नाही. पण ती हलवायची नाही, इथेच येऊन बसायचं. तो बसला आहे, पाय वर घेऊन, डोळे पुसत. समोरून भाचीची बोट येते आहे आणि तो तिला इथून ओरडून सांगतो आहे, डावीकडे घे, डावीकडे घे. ती ऐकत नाही. पुढे बघून सरळ येते आहे.