संमतिपत्रावरची अट

१२ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन तू तीन वर्षं टाळते आहेस. या पत्रात मी आग्रह करणार नाही, कारण सोमवारी माझ्याच हातून चूक झाली. रजेवरून आल्यावरचं पहिलंच ऑपरेशन, दुर्बिणीतून पित्ताशय काढायचं. पडद्यावर चिमटा दिसत होता, पण हात परक्याचे वाटत होते. रक्तवाहिनी दुखावली, पोट उघडावं लागलं. त्या पेशंट बाई आता बऱ्या आहेत.

त्याच दुपारचं तिसरं ऑपरेशन मात्र हात सरावल्याने सहज झालं. म्हणून आमच्या विभागाच्या साहेबांना विचारलं, सकाळी पंधरा मिनिटं सरावाच्या पेटीत चिमट्यांनी मणी उचलून हात मोकळे करू का. सगळ्यांसमोर म्हणाले, तालमी नाटकवाले करतात. आता ऑपरेशनं सोडून नुसते पेशंट तपासावेत असं वाटतं. रागाव, पण माया पातळ करू नकोस.

तुझी ठकू

१७ जानेवारी

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचता वाचता चहा गार झाला आणि डोकं तापलं. एकतीस वर्षं मी थिएटर सिस्टर होते. सर्जन किती नाटकं करतात हे तुझ्या साहेबांनी मला सांगू नये. कॉन्व्हेंट शाळेत आमच्या पियानोच्या मदर दहा वेळा नुसती सप्तकं वाजवून घेत, मगच गाणं. माणसाचं पोट पियानोहून स्वस्त आहे काय?

आमचे मोठे सर सातला येत. कपडे बदलायच्या खोलीत खिडकीशी स्टूल, त्यावर भोकं पाडलेलं बुटांचं खोकं, आत आरसा. लांब चिमट्यांनी, आरशात बघत, ते वाटाणे एका वाटीतून दुसरीत टाकायचे. चाळीस झाले की उठायचे. स्पिरिटचा वास, इस्त्रीचे गाऊन आणि वाटाण्यांची टकटक. माझी सकाळ अजून तीच आहे. आम्ही हसायचो.

एकदा तपासणी यायची होती. मी ते खोकं कचरा समजून फेकलं. सरांनी रिकाम्या स्टुलाकडे पाहिलं आणि ते तसेच हात धुवायला गेले. त्या दिवशी पहिल्याच पेशंटचं दुर्बिणीचं ऑपरेशन सोडून पोट उघडावं लागलं. योगायोग, असं सर म्हणाले. खोकं मी फेकलं हे त्यांना सांगायचं धाडस मला झालं नाही. आता सर नाहीत.

तेव्हा माझे खडे तुझ्याच हॉस्पिटलात काढायचे. तारीख घे, सकाळचा पहिला नंबर. जिथे जीव आहे तिथेच जीभ चालते, हे तू जाणतेसच.

आत्या

९ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

टाके कोरडे ठेव. घरच्या माणसावर मला चाकू चालवता येत नाही, म्हणून तू साहेबांच्या वाट्याला आलीस. संमतिपत्रावर तू लिहिलंस, की सर्जनने आधी पंधरा मिनिटं सराव केला तरच सही खरी धरावी. साहेब ते दोनदा वाचून म्हणाले, ही बाई तुझी आत्या शोभते.

पुढचं तुला बाहेर स्ट्रेचरवरून दिसलं नाही. ते पेटीशी बसले आणि पहिले सात मणी चिमट्यातून पाडले. मग मला बाहेर काढून दार लावून घेतलं. पंधरा मिनिटांचे पंचवीस झाले. तुझं ऑपरेशन मात्र बघत राहावं असं झालं.

काल पेटी न्यायला गेले तर देईनात. म्हणाले, सातच्या आत आलीस तर तुझा नंबर आधी. आजचं पहिलं ऑपरेशन माझ्या नावावर लावलं आहे. आत्ता घड्याळात पावणेसात झालेत, पेटी समोर आहे. म्हणून पत्र आवरतं घेते.

तुझी ठकू