बाभळीचा बगळा

२ मार्च १९५९, सोमवार, संध्याकाळ

काल दिसलेली पिवळी पूड आज पुन्हा लाकडी बैठकीखाली. चिमूटभरच, पण म्हणजे आत लाकूड पोखरणारा भुंगा आहे.

माझ्या बायकोचा, रुक्माचा, गुडघा गेल्यापासून तिला जमिनीवर बसता येत नाही. चुलीपासून अंगणात, तिथून वावरात तिने एका हाताने न्यावी म्हणून ही बैठक केली. बाभळीच्या एकाच फांदीचे तीन फाटे, तेच पाय. वर वळलेली डहाळी म्हणजे बगळ्याची मान, तीच मूठ. कुठे खिळा नाही. देवाने घडवली, मी फक्त तासली.

पण तोडली कधी? त्रिपुरी पौर्णिमेला, देवळात दिवे लावून येताना. चांदण्यात ती मान दिसली आणि राहवलं नाही. लाकूड अंधाऱ्या पक्षात तोडावं, नाहीतर भुंगा लागतो, हे जन्मभर मीच इतरांना सांगितलं. दोन-चार दिवस थांबलो असतो तर? देवा, हा हावरेपणा कुठून आला?

बैठकीचा पाय मोडून रुक्मा चुलीवर पडली तर? आणि अशी दुसरी फांदी कुठून आणू?

शेवटी म्हटलं, "यावर बसू नको आता."

"काहून?"

"आत भुंगा हाये."

भाकरी थापता थापता ती म्हणाली, "मले माहीत हाये. महिना झाला, पूड झाडून राह्यली मी."

"मंग सांगितलं काहून नाही?"

"तुमी बगळा चुलीत घातला असता. अन् मी पुन्हा खाटेवर."

 ती बगळ्यावरच बसली होती, आणि खाली चिमूटभर पूड.