पिकअपचा श्वास आणि मेट्रनबाईंचे कान

३ मार्च, सोमवार

मालवाहू पिकअप चालवणाऱ्या माझ्या बांधवांनो! (ही रोजनिशी माझ्याशिवाय कुणी वाचणार नाही. पण अध्यक्षाने कागदावरही सभेचं भान सोडू नये.) बांधवांनो, हा अपमान आपण किती दिवस गिळायचा? चढ आला की आपल्याला सगळे मागे टाकतात. ट्रक टाकतो, स्कूटर टाकते. आज दवाखान्याच्या चढावर काठी टेकत फिरायला निघालेल्या एका आजोबांनी टाकलं. जाताना वाकून विचारलं, ढकलू का? मी काच वर केली. स्वाभिमान.

परिस्थिती गंभीर. बायकोची लाँड्री आहे आणि मी तिचा वाहतूक विभागप्रमुख (विभागात मी एकटाच). निम्मं काम टेकडीवरच्या दवाखान्याच्या चादरींचं. करार महिनाअखेर संपतो. नव्या करारासाठी मेट्रनबाईंच्या दोन अटी: रुग्णांच्या आंघोळी सुरू होण्याआधी चादरी वर पोचल्या पाहिजेत, आणि ऑपरेशन झालेल्यांच्या वॉर्डाखाली गाडीचा आवाज नको. आमची गाडी सध्या उशिरा पोचते आणि खडखडत पोचते. म्हणजे दोन्ही अटींवर आम्ही सारखेच नापास.

बायको म्हणाली, हे काम गेलं तर मोठं मशिन विकावं लागेल आणि घड्या घालणाऱ्या मावशींना घरी बसवावं लागेल. काय करायचं ते करा, फक्त भाषण करू नका.

मी भाषण केलं नाही. थोडं प्रास्ताविक केलं.

संकल्प: ताकद वाढवायची, आवाज नाही. मार्ग: एक्झॉस्ट.

४ मार्च, दुपार

वाचन. कोणत्याही विषयावर मत देण्यापूर्वी मी वाचतो. मत आधी ठरलेलं असलं तरी वाचतो.

इंजिनाचं दुःख आज कळलं. ते हवा आत घेतं, राबतं, आणि जळका वायू बाहेर टाकायला गेलं की वाटेत अरुंद पाइप, वेडीवाकडी वळणं आणि शेवटी गंजका सायलेन्सर. म्हणजे राबणाऱ्याने उसासाही टाकायचा नाही! जगातल्या झाडून सगळ्या क्रांत्या याच कारणाने झाल्या आहेत. इतिहासकारांनी गाडीखाली वाकून पाहिलं नाही, एवढंच.

योजना: रुंद पाइप. आतून सरळ मोकळा सायलेन्सर, ज्याच्या नळीभोवती आवाज शोषणारी ग्लासवूल भरलेली असते. शिवाय रेझोनेटर म्हणून एक डबा, घुमणारा आवाज मारण्यासाठी. बायकोला चित्र काढून दाखवलं. तिने ते उलटं धरलं. मग म्हणाली, यात चादरी कुठे आहेत?

दूरदृष्टी हा एकाकी गुण आहे.

५ मार्च

गॅरेज. मिस्त्रीने पहिलाच प्रश्न विचारला, आवाज किती वाढवू? मी म्हटलं, कमी कर. त्याने फडक्याने कान पुसले आणि पुन्हा विचारलं. त्याच्याकडे येणारा प्रत्येक जण आवाज वाढवायला येतो म्हणे. कमी करायला एकदा एक जण आला होता, पण तो बायकोबद्दल बोलत होता.

मी त्याला बसवून सिद्धांत समजावला. शोषण, उसासा, क्रांती, सगळं. तो मन लावून ऐकत होता. शेवटी म्हणाला, कळलं साहेब, पाइप मोठा. रेझोनेटर? नाही, पण नसला तरी काही अडत नाही. ग्लासवूल? पुढच्या आठवड्यात येईल. तोवर सायलेन्सर रिकामाच लावू, बाहेरून दिसत नाही.

तत्त्वाशी तडजोड मला मान्य नाही. मात्र रेझोनेटर हे तत्त्व नव्हे. तपशील आहे.

७ मार्च, संध्याकाळ

बसला! मनगट जाईल एवढा पाइप. आवाज थोडा भारदस्त झाला आहे. त्याला गोंगाट म्हणणं अन्यायाचं होईल. धीरगंभीर म्हणता येईल. गल्लीतल्या उभ्या गाड्यांचे अलार्म एकामागून एक वाजले. मी त्यांना अनुमोदन समजतो.

घरी आलो. लाँड्रीत मशिनं चालू होती, तरी बायको दारात येऊन उभी होती. म्हणाली, कोपऱ्यावरच कळलं तुम्ही आलात. मावशी म्हणाल्या, मला वाटलं बॉयलर गेला. वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी गॅलरीतून रडतं बाळ दाखवलं. नुसतं दाखवलं.

८ मार्च

पहिली चढाई. ताकद निश्चित वाढली आहे. फक्त ती खालच्या वेगात जाणवत नाही आणि वरच्या वेगापर्यंत चढावर जाता येत नाही. म्हणजे ताकद आहे, तिला संधी नाही. समाजात किती जणांची हीच व्यथा आहे!

पहिल्या गिअरमध्ये, पूर्ण ॲक्सिलरेटर दाबून दवाखान्याच्या आवारात शिरलो, तर दोन वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन धावत आले. वॉचमनने नंतर खुलासा केला. मेट्रनबाईंना वाटलं की दुसऱ्या गावाहून पेशंट घेऊन हेलिकॉप्टर उतरतंय. रिकामं स्ट्रेचर परत नेताना वॉर्डबॉयने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मलाच त्यावर घालायला त्याची हरकत नव्हती.

निरोप आला: पुन्हा हा आवाज आला तर महिनाअखेरची वाट पाहणार नाही.

बायकोला सांगितलं की निरोप संमिश्र आहे.

१० मार्च

मिस्त्रीकडे ग्लासवूल अजून नाही. येईल म्हणतो. कुठून, ते सांगत नाही. क्रांती कच्च्या मालासाठी थांबत नसते.

उपाय घरातच सापडला! लाँड्रीच्या माळ्यावर दवाखान्याने बाद केलेल्या जाड ब्लँकेटांचा गठ्ठा पडून आहे. लोकरीची. ग्लासवूल तरी काय, काचेची लोकरच ना? मग मेंढीच्या लोकरीने काय घोडं मारलंय? थंडी अडवते ती लोकर आवाज अडवणार नाही? पट्ट्या कापल्या, ठासून भरल्या. झाकण मिस्त्रीने वेल्ड केलं. करताना तो एकदाच म्हणाला, साहेब, हे गरम होतं बरं का. मी म्हटलं, ब्लँकेटचं कामच ते.

गल्लीत फेरी मारली. काय ती शांतता! वाचनालयात चालवावी अशी गाडी. वहिनी गॅलरीत आल्या, बाळ झोपलेलं होतं, त्यांनी तेही दाखवलं.

बायकोला म्हटलं, बघ. ती म्हणाली, बघतेय. चढावर काय होतं तेही बघू.

हिच्या शब्दकोशात अभिनंदन नाही.

११ मार्च

थोडा धूर झाला.

निःपक्षपातीपणे लिहायचं तर बऱ्यापैकी झाला. अर्ध्या चढावर केस जळल्यासारखा वास. आरशात पाहिलं तर मागचा रस्ता दिसेना. मी थांबलो नाही, वेळेवर पोचायचं होतं. आणि पोचलो! ही गोष्ट कुणीच लक्षात घेतली नाही. आवारात वॉचमन अग्निशामक घेऊन धावला आणि सायलेन्सरवर, चाकांवर आणि थोडा माझ्यावर फेस मारला. तो कित्येक वर्षं त्या लाल नळकांड्याशेजारी बसून होता. आज त्याच्या चेहऱ्यावर मी प्रथमच समाधान पाहिलं.

ताडपत्रीखालच्या चादरी पिवळ्या पडल्या होत्या. सगळ्यांना मेंढी जळल्याचा वास. मेट्रनबाईंनी एक चादर दोन बोटांत धरली, हुंगली आणि सगळी खेप परत पाठवली. रुग्ण कालच्याच चादरींवर आंघोळी आटोपून बसले.

बायको रागावली नाही. रागावली असती तर माझ्याकडे उत्तर तयार होतं. तिने नुसत्या बाह्या सरसावल्या आणि पहिली चादर पाण्यात टाकली. मावशींनी दुसरी. संध्याकाळी मावशी जाताना विचारत होत्या, मी पुढच्या महिन्यापासून दुसरीकडे विचारून ठेवू का गं? बायको म्हणाली, इतक्यात नको.

मी चादरीचं टोक धरायला मदत केली. आंदोलनात अपयशाचं स्थान काय, यावर चार वाक्यं बोललो. पिळताना तिने टोक इतक्या जोरात फिरवलं की पाचवं राहिलं.

१५ मार्च, शनिवार

नेतृत्वबदल. तात्पुरता.

बायको स्वतः गाडी घेऊन मिस्त्रीकडे गेली. मी शेजारी बसलो, सल्लागार म्हणून. तिने सिद्धांत वगैरे मांडला नाही. म्हणाली, भाऊ, पाइप जुन्यापेक्षा थोडाच मोठा घाला, वळणं गोल ठेवा, गळती ठेवू नका, सायलेन्सर लांब आणि भरलेला लावा, रेझोनेटर येईपर्यंत मी इथेच बसते. आणि बसली. रेझोनेटर संध्याकाळच्या आत आला. माझ्या वेळी पुढचा आठवडा होता.

बसल्या बसल्या तिने बॉनेट उघडून एअर फिल्टरचा डबाही उघडला. आतून उशीएवढा पांढरा गोळा निघाला. गाडी आम्ही रोज लाँड्रीच्या ड्रायरच्या झोताखाली उभी करतो. चादरींचा सगळा लिंट, म्हणजे सुताचा भुसा, गाडीने इतकी वर्षं आत ओढून ठेवला होता. बायको ड्रायरची जाळी रोज साफ करते, त्यामुळे तिला तो गोळा ओळखीचाच वाटला. म्हणाली, अहो, हिचा उसासा कुठला अडलाय, हिचं नाकच चोंदलंय.

मिस्त्री जरुरीपेक्षा जास्त हसला.

एअर फिल्टर माझ्या योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात होताच. मी तसं सांगितलं. कुणी खोडून काढलं नाही, कारण कुणी ऐकत नव्हतं.

१७ मार्च, सोमवार

विजय! माझ्या योजनेचा, थोड्या फेरफारांसह.

चढ तिसऱ्या गिअरमध्ये गेला. आवाज नाही. इतका नाही, की वॉचमनला गाडी आल्याचं कळलंच नाही. उतरून त्याला हलवावं लागलं. चादरी आंघोळींच्या आधी वॉर्डात. इंजिन मी नेहमीप्रमाणे चालूच ठेवलं, कारण आमचा स्टार्टर लहरी आहे, एकदा बंद झालं की विनवण्या कराव्या लागतात. गठ्ठे उतरेपर्यंतचा वेळ मी कित्येक वर्षं वाया घालवलेला नाही. केबिनमध्ये बसून भाषणाचा सराव करतो. विषय हाताशी असतोच. समोरच्या खिडकीत मेट्रनबाईंचं ऑफिस.

आज तर वाणी फुलून आली होती. म्हटलं, ही बाई दवाखाना चालवत नाही, रुग्णांची परेड चालवते! हिच्या परवानगीशिवाय इथे कुणी बरंही होऊ शकत नाही! औषधाने नव्हे, हिच्या भीतीने लोकांचे ताप उतरतात! इस्त्री आम्ही चादरींना करतो, हिच्या कपाळाला कोण करणार?

आणि काय नवल! वरच्या मजल्यावरून टाळ्या. एक खिडकी उघडली, मग दुसरी. पट्ट्या बांधलेले हात टाळ्या वाजवत होते. कुणीतरी ओरडलं, पुन्हा एकदा! मी इस्त्रीचा मुद्दा पुन्हा घेतला, सविस्तर. खुद्द मेट्रनबाई खिडकीत येऊन उभ्या राहिल्या. ओठ घट्ट मिटलेले, चेहरा लाल. भावना अनावर झाल्या असाव्यात.

या गाडीतून इतकी वर्षं एवढं बोललो, पण असा प्रतिसाद पहिल्यांदाच. एक्झॉस्टच्या यशाची बातमी वॉर्डात आधीच पोचली असणार. बायको घरी विचारत होती, काय झालं? मी म्हटलं, सत्कार झाला.

१८ मार्च

दवाखान्यातून बोलावणं. बायकोला. मला नाही, पण संस्था अशा वेळी कुटुंबाला बोलावतात. इस्त्रीचा शर्ट घालून गेटबाहेर थांबलो. आभाराचे दोन शब्द तयार ठेवले.

ती बऱ्याच वेळाने आली. करार मिळाला. दोन वर्षांचा. गाडीबद्दल मेट्रनबाई म्हणाल्या की इतकी शांत मालवाहू गाडी त्यांनी पाहिली नव्हती. एक एक शब्द स्वच्छ ऐकू आला.

मग बायकोने ते शब्द म्हणून दाखवले. मेट्रनबाईंना सगळे पाठ होते. अनुक्रमासह.

अपेंडिक्सच्या एका पेशंटचा हसता हसता टाका उसवला. परत घालावा लागला. तो शुद्धीवर आल्यावर पुन्हा हसला म्हणे.

नव्या करारात एकच जादा अट: मी गेटच्या आत यायचं नाही. गाडी बायकोने आणायची. ही अट तिने लगेच मान्य केली. माझ्याशी चर्चा न करता. मी विचारलं, तू माझी बाजू मांडली नाहीस? म्हणाली, अहो, मांडली ना. त्यांना म्हटलं, घरीही असंच असतं.

मावशींना ही बातमी कळल्यावर त्यांनी पेढ्यांऐवजी मला घड्या घालायचं टेबल दाखवलं. कुठली बाजू आत, कुठली बाहेर.

२० मार्च, गुरुवार, सकाळ

घड्या. सिंगल चादर चार घड्यांत, डबल आठ. टोकाला टोक नसेल तर मावशी उलगडून परत देतात. मी त्यांच्याशी श्रमप्रतिष्ठेवर बोललो. त्यांनी ड्रायर चालू केला.

गाडी गेली. गेल्याचं कळलंही नाही. दारात जाऊन पाहिलं तेव्हा ती चढाच्या पहिल्या वळणावर होती, ताडपत्री ताणलेली, सरळ, ऐटीत. काठी टेकणारे आजोबा बाजूला थांबून तिच्याकडे पाहत होते. बायकोने त्यांना हात केला. मला केला नाही. आरशात दिसलो नसेन.

मालवाहू पिकअप चालवणाऱ्या माझ्या बांधवांनो, आपल्या एका गाडीने आज चढ जिंकला आहे. मी आता फक्त एक काम तुमच्यावर सोपवतो. उद्या सकाळी तुमच्यापैकी कुणीतरी तिला चढाच्या पायथ्याशी गाठा आणि सांगा, त्या वळणावर तिसरा गिअर नको, दुसऱ्यातच राहू दे. मी सांगायला गेलो की ती काच वर करते.