घरटी एक माणूस

बाबा, या वर्षी ऑगस्टमध्ये मी फ्रान्समधलं मिठागर पाहिलं. मुद्दाम बघायला गेले नव्हते. समुद्राची भरती-ओहोटी मोजणारी यंत्रं बंदरावर बसवायचं माझं काम आहे, आणि ती यंत्रं बनवणाऱ्या कंपनीने प्रशिक्षणाला बोलावलं होतं. पश्चिम किनाऱ्यावरचं एक मोठं बंदर, तिथे पाच दिवस वर्कशॉप, मग शनिवार-रविवार रिकामा. तिथल्या ऑफिसातली माझ्याच वयाची एक मुलगी म्हणाली, चल, तुला जवळचं जुनं गाव दाखवते. गावाचं नाव गेरांद. मला त्या दोन दिवसांत कपडे धुऊन झोपायचं होतं, पण ती गाडी घेऊन खाली उभीच राहिली.

गेरांदला सगळ्या बाजूंनी तट आहे आणि आत जायला दरवाजे आहेत. मुरुडचा जंजिरा लहानपणापासून पाहिलेल्या माणसाला तटाचं फार अप्रूप नसतं. मी बुरुजाच्या दगडांचे सांधे पाहिले, कुठे नव्याने चुना भरलाय ते पाहिलं. पण जंजिऱ्यात आता कोणी राहत नाही आणि इथे लोक राहतात, हा फरक लक्षात आला. तटाच्या आत पाटीच्या दगडासारख्या काळ्या छपरांची घरं, खिडक्यांत फुलझाडं, मधोमध मोठं चर्च, त्याच्यासमोर भाजीचा बाजार. एक म्हातारा कोबीवरून भाजीवालीशी वाद घालत होता. भाषा कळत नव्हती, पण तो कोबी उलटा करून देठ दाखवत होता, तेवढ्यावरून मुद्दा कळला. बाजूच्या गल्लीत दुकानंच दुकानं, आणि त्यांतल्या निम्म्यांत मीठ. कापडाच्या छोट्या पिशव्यांत, वर रिबीन बांधलेलं. करड्या रंगाचं, जाड. आपल्याकडे मिठाला जरा मातीचा रंग आला की व्यापारी नाक मुरडायचा आणि तुम्ही पडत्या भावाने विकून घरी यायचात. इथे बाई सांगत होती की हा रंग मातीचा आहे, म्हणून हे चांगलं.

दादाचा फोन मी तटावर असताना आला. तटाच्या एका भागावरून चालता येतं, आणि त्या बाजूला झाडांच्या पलीकडे खाजण दिसतं. सपाट, चौकोन चौकोन पाडलेलं, मधून पाणी चमकणारं. मी तिकडेच बघत होते.

"बाय, बांध गेला," दादा म्हणाला.

"कुठला?"

"भायेरचा. उधानात. मोठी खांड परली."

"किती रुंद?"

"तुला रुंदीचं परलंय. माझा ट्रेलर आडवा जाईल एवरी, घे."

"माणसं, गुरं?"

"कोनाला काय नाय झालं. शेताचा बांध धरून हाय. आपली मिठागरं तेवरी गेली पान्याखाली. तशी पन कोन पिकवतंय?" मग म्हणाला, "दिवालीपर्यंत ठरवायला लागल, बुजवायची का सोरायची. मी म्हनतो, सोर. गाववाले म्हनतात, तुमची पोरगी इंजिनेर हाय, ती सांगल ते."

खांड म्हणजे काय हे मी बरोबरच्या मुलीला समजावून सांगितलं. बांधाला पडलेली भेग म्हटलं असतं तर ते अपुरं झालं असतं. खांडीतून भरतीचं पाणी आत येतं, ओहोटीला माती घेऊन बाहेर जातं, आणि प्रत्येक फेरीला खांड रुंद होते. एखाद-दोन पावसाळे तशीच ठेवली की आत खारफुटी उगवते आणि जमीन खाडीची होते. मग ती परत मिळत नाही. एवढं ऐकल्यावर ती म्हणाली, मग तुला खाली जाऊन बघायलाच हवं, इथे बांध कसे ठेवतात ते. मला ते तर्काला धरून वाटलं.

खाजण गावापासून जवळ आहे. अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना पाणी, बगळे. वास तोच, बाबा. चिखल उन्हात तापल्यावर येतो तो. एक बाई वाफ्यात फळीने मीठ ओढत होती. पन्नाशीची, केस बारीक कापलेले, अंगाने काटक. फळीचा दांडा तिच्यापेक्षा खूपच लांब, आणि ती बांधावर उभी राहून तो पाण्यावर असा सरकवत होती की खालची माती हलत नव्हती. तुमची फळी आखूड असायची आणि तुम्ही पाण्यात उतरायचात. हाताची ढब मात्र एकच. मनगट शेवटी किंचित वर उचलायचं, म्हणजे मीठ येतं आणि गाळ मागे राहतो.

मुलीने तिला सांगितलं की हिचे वडील हिंदुस्थानात हेच काम करायचे. बाई काम सोडून आली, टोपलीतून मूठभर मीठ घेतलं आणि हात माझ्यापुढे केला. चव बघ म्हणून. मी हात मागे घेतला. विचार करून नाही, तो आपोआप मागे गेला. बाईने आपल्या तळव्याकडे पाहिलं, तो पँटला पुसला, दुसऱ्या हातात पुन्हा मीठ घेतलं आणि तो हात पुढे केला. तिला वाटलं, मला तिच्या हाताची किळस आली. मी मुलीला म्हटलं, तिला सांग, हात स्वच्छ आहे, पण मीठ हातातून हातात घेत नाही आम्ही, भांडण होतं. खाली ठेवायला सांग, मी उचलते. हे बोलताना माझ्या पर्समध्ये इंजिनियर म्हणून छापलेलं ओळखपत्र होतं. मुलीने मला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. मग तिने भाषांतर केलं, आणि बाई एवढ्या मोठ्याने हसली की पलीकडच्या वाफ्यातल्या माणसाने मान वर केली.

"पंचवीस वर्षं मी नवऱ्याला जेवताना मीठ हातात देतेय," ती म्हणाली. "आत्ता कळलं."

तिने मीठ फळीवर ठेवलं, मी तिथून उचललं. चवीला आपल्यापेक्षा थोडं सौम्य होतं.

मग आम्ही बोललो, म्हणजे मी विचारत गेले आणि मुलगी मध्ये. बाईचे वडील शाळामास्तर होते. ती स्वतः शहरात कुठल्याशा कचेरीत होती, कंटाळली आणि इथे शिकायला आली. तिला हे काम आवडतं, असं तिने अगदी साधेपणाने सांगितलं. आपल्याकडे हे काम आवडतं असं कोणी म्हटल्याचं मला आठवत नाही. तुम्हाला आवडायचं का, हे तुम्ही होतात तोवर मी कधी विचारलं नव्हतं. बांधाचं विचारलं, तर ती म्हणाली, हिवाळ्यात सगळे मिळून करतो. वादळात फुटला तर त्याच आठवड्यात. जो येत नाही त्याच्याशी कोणी बोलत नाही. मी म्हटलं, आमच्याकडेही तसंच होतं, बांधामागे ज्याची जमीन त्या प्रत्येक घरातून एक माणूस. ती म्हणाली, हो, तसंच. आणि मग सहज, टोपली उचलता उचलता विचारलं, "तुमच्या घरातून कोण जातं?"

मी म्हटलं, वडील जायचे.

ते खरं होतं, पण एकदा मी गेले होते. मी आठवीत आहे. तुम्हाला ताप आहे, दादा पनवेलला आत्याकडे, आणि सकाळीच हाक येते की उधाणात खांड पडली, घरटी माणूस चला. आई ओटीवर उभी राहून म्हणते, यांना उठवत नाय मी. मी दप्तर ठेवते आणि जाते. बांधावर माणसं ओळीने उभी, चिखलाचे गोळे हातावरून हात पुढे चाललेत. मला पाहून कोणीतरी म्हणतं, पोरीला पाठवली काय? हिला पोरांत मोज, मानसात नको. सगळे हसतात. मी ओळीच्या शेवटी उभी राहते आणि माझ्या हातात कोणी गोळा देत नाही. मग तुम्ही येता. अंगावर चादर, डोळे लाल, चालताना एकदा थांबता. तुम्ही कोणाला ओरडत नाही. एवढंच म्हणता, "माझ्या घरातला मानूस आलाय. मोजा." आणि तिथेच बांधावर बसता, ओहोटी संपेपर्यंत. मग मला गोळे मिळायला लागतात. परत येताना तुम्ही माझं कौतुक केलं नाहीत. चपला घालून चिखलात कोण उतरतं, एवढं एकच वाक्य बोललात, आणि माझी एक चप्पल खरंच तिथे राहिली होती.

हे मी त्या बाईला सांगितलं नाही. संध्याकाळी आईला फोन केला आणि विचारलं, बाबांना मिठागर आवडायचं का. आई म्हणाली, "आवरायला तो काय शिनेमा हाय? तिकडं जेवलीस काय?" मग म्हणाली, "पाय सारखे फुटलेले असायचे त्यांचे. आवरायचं म्हनून कोन पाय फोरून घेतंय? पन एक हाय. बांधावर मानसं जमली की खुशीत असायचे. घरी येऊन दोन दोन दिस तेच सांगायचे, कोन काय बोलला, कोन घसरला."

दिवाळीच्या आधी मी घरी आले. दादाबरोबर ओहोटीला बांधावर गेले. खांड त्याने सांगितली त्यापेक्षा रुंद झाली होती आणि तळाशी खोल गेली होती. आत, तुमच्या वाफ्यांच्या जागी, खारफुटीची कोवळी रोपं उभी होती. मी मापं घेतली, तळाची माती पाहिली. दादा बांधावर उभा राहून फोनवर ड्रायव्हरला शिव्या देत होता आणि मधूनच मला विचारत होता, "झालं काय तुझं?" तेव्हाच मला दिसलं होतं की खांड बुजवता येईल. खाली दगड, वर चिखल, दोन-तीन ओहोट्यांचं काम, आणि मग दरवर्षी पावसाळ्याआधी थोडी डागडुजी. अवघड काही नव्हतं. मी रात्री आराखडा काढला. चांगला आराखडा होता.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकांच्या ओटीवर सगळे जमले. ज्यांच्या जमिनी त्या बांधामागे, ते. बरेचसे दादासारखे, कोणाचा ट्रेलर, कोणाचं हॉटेल, कोणी नवी मुंबईहून गाडी काढून आलेलं. मी आराखडा पिशवीतून काढणार, तेवढ्यात काका म्हणाले, "बुजवायची तर बुजवू. पन ठेकेदाराने बुजवलेला बांध ठेकेदार जाईस्तोवरच टिकतो. घरटी मानूस लागल, दर साली. कोन येनार ते आता सांगा. तुमच्या घरातनं कोन?" ते दादाकडे बघत होते. दादा म्हणाला, "माझा धंदा बघाल काय तुम्ही? मी गारीत असतो महिनाभर." मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. कोणी हसलं नाही. उलट आदराने बघत होते, आणि बाजूच्या घरातल्या वहिनी म्हणाल्यासुद्धा, "ती आली तर काय बरं होईल, समजतंय तिला."

मी म्हटलं, "खांड खोल गेली आहे. बांध घातला तरी दरवर्षी काम केल्याशिवाय तो धरणार नाही. सोडून द्या."

इंजिनियरने सांगितलं म्हटल्यावर पुढे चर्चा झाली नाही. चहा आला. दादाने परतताना माझ्या खांद्यावर थाप मारली, "बरं झालं सांगितलंस, माझं कोनी ऐकलं नसतं."  घरी आई मासे साफ करत होती. आराखडा अजून पिशवीत आहे, तो मी कोणाला दाखवलेला नाही.

मी बोलले त्यात चुकीचं काही नव्हतं, बाबा. माती, खोली, दरवर्षीची डागडुजी, सगळं बरोबर. फक्त मला दरवर्षी यायचं नव्हतं. पुण्याला माझं ऑफिस आहे, घर आहे, आणि पावसाळ्याआधी चिखलात उभं राहण्याची मला इच्छा नाही. त्या फ्रेंच बाईला आहे, मला नाही. हे ओटीवर म्हणायला हवं होतं. मी मातीवर ढकललं.

हे कुठे पाठवायचं नाही, ते बरंच आहे. तुम्ही त्या ओटीवर असतात तर म्हणाला असतात, माझ्या घरातनं ही येईल. आणि मी सगळ्यांसमोर हो म्हटलं असतं, आणि पहिल्या वर्षानंतर आले नसते.