एक फेरी हाताने

बाबा, माझ्या गाडीचे चालकासन वक्र झाले आहे. 'सीट वाकडी झाली' एवढे म्हणून भागले असते, हे मी जाणतो. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "पंडित, भाषण नंतर. आधी पाना दे." पण तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षे झाली, मला टोकणारे कोणी उरले नाही आणि भाषा अशी मोकाट सुटली आहे. गेल्या पावसाळ्यात उल्हास नदी मांजर्लीतल्या आमच्या इमारतीखाली अनाहूत अतिथी म्हणून आली, गाडीत शिरली, रात्रभर आसनस्थ राहिली आणि खांबावर कमरेइतक्या उंचीची रेघ ओढून परतली. पुढे गाडी सुकली, सुरूही झाली. शेजाऱ्यांनी माझे अभिनंदन केले. गाळ मात्र आत कुठेतरी वाट पाहत राहिला.

हे आसन बटण दाबले की पुढेमागे सरकते. खाली दोन रूळ, मध्ये एक मोटर, आणि मोटरीतून दोन्ही बाजूंना गेलेल्या दोन केबल, ज्या दोन्ही रूळ समगतीने चालवतात. डावा रूळ गंजून अडला, त्याची केबल तुटली, उजवा कर्तव्यनिष्ठेने पुढे गेला. एकाने काम सोडले आणि दुसऱ्याने सोडले नाही की बिऱ्हाड तिरपे होते, तसे झाले. ही गाडी तुमची नात चालवते. आनंदनगरच्या एका कारखान्यात ती तयार माल तपासते. परवा चहा गाळता गाळता म्हणाली, "पप्पा, जोरात ब्रेक मारला ना, की सीट एका बाजूने मागे जाते. पाय पुरत नाही मग." स्वर असा, की जणू चहात साखर कमी आहे. मी तो चहा पिऊ शकलो नाही. दुसऱ्याच दिवशी उल्हासनगरला जाऊन केबल आणली. सिंधी दुकानदाराने माझ्या हातांकडे पाहिले. "साईं, खुद करोगे? देखना हां, बेटी चलाती है बोले ना आप?" विनोदाची माझी नैसर्गिक हौस त्या क्षणी लोप पावली.

रविवारी दुपारी प्रस्तुत विश्वकर्म्याने कार्यारंभ केला. बॅटरीची तार काढून थोडा वेळ थांबलो, कारण आसनाखाली एअरबॅगच्या तारांचा पिवळा जोड असतो आणि त्याचा स्वभाव तापट असतो. चार बोल्ट काढले, आसन उलथे केले, गाळ खरवडला, दोन्ही रूळ एकाच टोकाला आणून नवी केबल बसवली. मग आसन जागेवर तिरके टेकवून जोड लावले, बॅटरीही जोडली. आकाश खाली आले होते, नदीकडून ओल्या मातीचा वास येत होता. मी डावा हात रुळाच्या खाचेत घातला, तो सरकतो का हे बोटांना कळावे म्हणून. लेक दाराशी उभी, कपडे बदललेली, बोट बटणावर.

"दाबू का?"

"थांब जरा."

"पप्पा, कुळगावला हळद आहे मैत्रिणीची, सगळे पोचले. आजच जायचंय ना मला. दाबते, पाच मिनिटांत होईल तुमचं."

पाच मिनिटे. बाबा, हे दोन शब्द मी यापूर्वी तुमच्या तोंडून ऐकले आहेत. मी अठरा वर्षांचा आहे, अंबरनाथला तुमच्या पत्रे ठोकणाऱ्या प्रेसखान्याच्या दारात उभा आहे, हातात कॉलेजच्या प्रवेशाचा अर्ज. पालकाची सही हवी. मी म्हणतो, "आज शेवटची तारीख आहे, बाबा." तुम्ही नुकताच साचा बदलला आहे. साचा बदलला की वीज लावण्याआधी प्रेसचे चाक एक पूर्ण फेरी हाताने फिरवायचे, हा तुमचा धर्म. घरी टेबलफॅन उघडला तरी पाते आधी बोटाने फिरवायला लावणारे तुम्ही. मी एकदा विसरलो तर दोन दिवस बोलला नव्हतात. त्या दिवशी तुम्ही माझ्याकडे पाहता, म्हणता, "पाच मिनिटं दे, एवढा पीस काढतो," आणि चाक न फिरवता बटण दाबता. साचा अडकतो. तो सोडवायला तुम्ही उजवा हात आत घालता. अडलेला दाब सुटतो. दोन बोटे. माझ्या हातातला अर्ज कोराच राहतो, त्याच्यावर एक थेंबही उडत नाही. हे मला अजून अशोभनीय वाटते.

"बोट काढ," मी लेकीला म्हणालो. माझा आवाज बहुधा तुमच्यासारखा निघाला असावा. तिने हात मागे घेतला. मी माझाही हात बाहेर काढला, बॅटरी पुन्हा सोडली, थांबलो, मोटरीपासून केबल वेगळी केली आणि पान्याने रुळांची दातेरी चाके हाताने फिरवू लागलो. सहाव्या फेरीला डावा रूळ अडला. मीच पाडलेला एक नट तिथे दातांत बसला होता, जिथे मघाशी माझी बोटे होती तिथेच. तो काढला. मग पुन्हा सर्व प्रथमपासून, एकेक फेरी मोजत. आसन सरळ झाले, केबल आणि बॅटरी जोडली, चारही बोल्ट दोनदा आवळले. तिला बसवून ब्रेक पूर्ण दाबायला लावला, दहादा. पाय पुरला. ती उशिरा गेली, थोडी फुगून. हळद खरेच आजच होती का, हे मी विचारले नाही. तुम्हीही विचारले नव्हते.

आता ती परतेपर्यंत मी खिडकीशी बसून हे लिहितो आहे; टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी टाकले नसते. आठ दिवसांनी इस्पितळात तुम्ही डाव्या हाताने त्या अर्जावर सही केलीत, वाकडी, लहान मुलासारखी. मी म्हणालो होतो, कॉलेजने माझ्यासाठी मुदत वाढवली. तुम्ही अर्जावरची छापील तारीख पाहिलीत, बराच वेळ पाहिलीत, आणि म्हणालात, "चांगली माणसं आहेत." बाबा, मुदत कोणी वाढवली नव्हती; ती तारीख मुळातच पुढची होती. त्या दिवशी मित्र स्टेशनवर थांबले होते, दुपारच्या सिनेमाला जायचे होते.